रेफ्रीला यंत्राची मदत: कुठे हवी, कुठे नको

प्रश्न नेहमीचाच आहे: फुटबॉलमध्ये रेफ्रीला तंत्रज्ञानाची मदत असावी, की खेळ माणसाच्या डोळ्यावरच चालू द्यावा?

मदत असावी. पण 'तंत्रज्ञान' या एका शब्दाखाली आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि मग भांडत बसतो. गोलरेषेचं यंत्र एका सेकंदात हो किंवा नाही सांगतं. व्हीएआर म्हणजे पडद्यासमोर बसलेला आणखी एक रेफ्री, म्हणजे शेवटी माणूसच. ऑफसाइडचं, म्हणजे पास मारला जातो त्या क्षणी आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का हे बघणारं अर्धस्वयंचलित यंत्र या दोघांच्या मधलं. पहिलं बिनशर्त घ्यावं, तिसरं त्याच्या चुकीची मर्यादा मान्य करून घ्यावं आणि व्हीएआरला फार थोडं काम द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय प्रेक्षकाला हा वाद परका राहिलेला नाही. ११ जून २०२४ रोजी दोहाच्या जासिम बिन हमद स्टेडियमवर वर्ल्ड कप पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला आपला शेवटचा सामना होता. मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या लालियनझुआला छांगटेच्या गोलवर भारत कतारविरुद्ध १-० पुढे होता. जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत गेलो असतो. ७३व्या मिनिटाला गुरप्रीतसिंग संधूने हेडर अडवला, चेंडू पोस्टच्या बाजूने गोलरेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने ओढून आत आणला आणि युसुफ आयमेनने जाळ्यात ढकलला. गोल मान्य झाला, सामना २-१ ने हातचा गेला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. आपल्या महासंघाने तक्रार केली, पण निकाल बदलला नाही. बदलणारही नव्हता, कारण खेळ पुन्हा सुरू झाला की रेफ्रीला स्वतःचा निर्णयसुद्धा फिरवता येत नाही.

'गोललाइन टेक्नॉलॉजी असती तर वाचलो असतो,' असं त्या रात्री पुष्कळांनी म्हटलं. ते बरोबर नाही. ते यंत्र फक्त दोन पोस्टच्या मधल्या ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीवर नजर ठेवतं. चेंडू पोस्टच्या बाहेरून रेषा ओलांडतो तेव्हा गोलचा इशारा देणारं रेफ्रीचं घड्याळ थरथरत नाही. दोहाची चूक पकडायला गोलरेषेच्या सरळ रेषेत लावलेला कॅमेरा आणि तो बघणारा माणूस लागला असता. कुठल्या चुकीला कुठलं यंत्र, हे आधी नीट लावून घ्यायला हवं, नाहीतर पैसे भलतीकडे जातात.

रेषेचा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. नियम सांगतो की संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे, जमिनीवरून असो वा हवेतून. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. तो जमिनीला अगदी मधोमध टेकतो आणि टेकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटर फुगलेला असतो. त्यामुळे टेकलेली जागा रेषेच्या दहा सेंटिमीटर बाहेर असली, मध्ये हिरवं गवत स्वच्छ दिसत असलं, तरी चेंडूचा फुगवटा रेषेवर असू शकतो आणि चेंडू खेळात असतो. १ डिसेंबर २०२२ रोजी जपान-स्पेन सामन्यात काओरू मितोमाने गोलरेषेवरून मागे वळवलेला चेंडू हाच होता. त्यावर आओ तानाकाने गोल केला, जपान २-१ ने जिंकला आणि जर्मनी गटातच बाहेर पडला. टीव्हीवर जो कोन वारंवार दाखवला त्यात चेंडू बाहेर दिसत होता. वरून घेतलेल्या चित्रात फुगवटा काही मिलिमीटर रेषेवर होता. चूक टीव्हीच्या कोनाची होती, निर्णय बरोबर होता. म्हणून रेषेच्या वादात पहिला प्रश्न विचारावा: कॅमेरा कुठे होता? तो रेषेच्या सरळ रेषेत किंवा बरोबर वर नसेल तर त्या चित्रावर भांडू नये.

गोलरेषेच्या यंत्राबद्दल आता गंभीर वाद उरलेला नाही. २७ जून २०१० ला ब्लोमफाँटेनमध्ये फ्रँक लँपार्डचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला, इंग्लंडला २-२ अशी बरोबरी मिळायला हवी होती, ती मिळाली नाही आणि जर्मनी ४-१ ने जिंकला. त्या सुमारास युरोपीय महासंघ प्रत्येक गोलमागे एक जादा सहायक उभा करून हाच प्रश्न सोडवू पाहत होता. १९ जून २०१२ ला दोनेत्स्कमध्ये युक्रेनच्या मार्को देविचचा चेंडू रेषेपार गेल्यावर जॉन टेरीने बाहेर काढला, आणि काही मीटरवर त्याच कामासाठी उभा असलेल्या माणसालाही ते दिसलं नाही. (त्याच चढाईत आधी युक्रेनचा खेळाडू ऑफसाइड होता, तेही सुटलं.) त्यात त्या माणसाचा हलगर्जीपणा नव्हता. सेकंदाला २५ मीटरने जाणारा चेंडू पन्नासाव्या हिश्श्यात अर्धा मीटर जातो, म्हणजे स्वतःच्या दोन व्यासांहून जास्त. पोस्ट, गोलकीपर आणि बचावपटूचे पाय मध्ये असताना उघड्या डोळ्याला ते जमणार कसं? ५ जुलै २०१२ ला नियम ठरवणाऱ्या मंडळाने या तंत्राला मान्यता दिली. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये प्रत्येक मैदानावर १४ कॅमेरे होते, दर गोलला सात. फ्रान्स-होंडुरास सामन्यात त्यावरच पहिला गोल दिला गेला.

याची सगळी खुबी कामाच्या पद्धतीत आहे. निकाल एका सेकंदाच्या आत फक्त रेफ्री मंडळींच्या घड्याळावर, कंप आणि अक्षरांच्या रूपात जातो. खेळ थांबत नाही, कोणाला पडद्याकडे धावावं लागत नाही, आणि प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. सामन्यापूर्वी रेफ्रीने दोन्ही गोलवर चाचणी घ्यायची, हेही नियमात आहे.

तरी ते फसतं. १७ जून २०२० ला ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्यात व्हिलाचा गोलकीपर चेंडू छातीशी धरून पोस्टपाशी रेषेपार गेला आणि घड्याळ गप्प राहिलं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने नंतर सांगितलं की गोलकीपर, बचावपटू आणि पोस्ट यांनी सातही कॅमेऱ्यांसमोरचा चेंडू झाकला होता. इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. चेंडू दिसला नाही तर यंत्र 'दिसला नाही' असं सांगत नाही, ते नुसतं गप्प बसतं, आणि मैदानावर गप्प म्हणजे 'गोल नाही'. दुसरी गोष्ट अशी की व्हीएआरच्या खोलीतल्या माणसाकडे साधं टीव्हीचं चित्र होतं आणि त्यात गोल कळत होता, पण यंत्राने कौल दिलाच नाही म्हणून त्यानेही हात घातला नाही. सामना ०-० सुटला आणि मोसमाअखेर व्हिला एका गुणाने अव्वल विभागात टिकला. यंत्र गप्प असताना काय करायचं, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर माणूस यंत्रामागे लपतो.

ऑफसाइडचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे, म्हणून इथे थोडा जास्त वेळ देतो.

आधी लाइन्समनची अडचण समजून घ्या. त्याने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या सरळ रेषेत राहायचं असतं. समजा तो गोलच्या दिशेने एक मीटर पुढे निघून गेला. बचावपटू त्याच्यापासून दहा मीटरवर आहे, आक्रमक चाळीस मीटरवर, आणि दोघे अगदी एका रेषेत आहेत. लाइन्समनच्या डोळ्यातून बचावपटूवरून जाणारी नजर चाळीस मीटरवर पोचेपर्यंत चार मीटर मागे गेलेली असते. आक्रमक प्रत्यक्षात एकच मीटर मागे आहे, म्हणून तो तीन मीटर पुढे असल्यासारखा भासतो. गवताचे पट्टे बघून अनुभवी डोळा यातलं बरंचसं सावरतो, सगळं नाही. त्यात चेंडू मारला जातो तीस मीटर पलीकडे. नजर तिथून इथे यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात धावणारा पुढे सरकलेला असतो. शिवाय हलणारी वस्तू मेंदूला आहे त्यापेक्षा थोडी पुढेच दिसते. बरोबर वेळी निघालेल्या वेगवान फॉरवर्डवर झेंडा चुकून वर जातो तो यामुळे.

मग व्हिडिओ थांबवून रेषा आखल्या तर? सुरुवातीच्या व्हीएआरने तेच केलं आणि तिथेच लोकांचा विश्वास उडाला. साधा प्रक्षेपण कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो, दोन चित्रांत २० मिलिसेकंदांचं अंतर. आक्रमक सेकंदाला ८ मीटरने गोलकडे पळतोय, बचावपटू ५ मीटरने उलट्या दिशेने वर येतोय, म्हणजे दोघांमधला वेग १३ मीटर. वीस मिलिसेकंदांत २६ सेंटिमीटर. पायाचा चेंडूला पहिला स्पर्श कधी झाला हे ठरवायचं असतं, पण तो सगळा स्पर्शच दहा मिलिसेकंदांच्या आसपास टिकतो, म्हणजे तो दोन चित्रांच्या मधे होऊन जाऊ शकतो. तुम्ही अलीकडचं चित्र निवडलं की पलीकडचं, यावर पाव मीटरचा फरक पडतो, आणि त्यावर दोन सेंटिमीटरने 'काखेने ऑफसाइड' दिला जात होता. हे मोजमाप नव्हतं, मोजमापाचा आव होता. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१-२२ च्या मोसमात रेषा जाड करून बारीक फरकाचा फायदा आक्रमकाला दिला, तो शहाणपणाचा निर्णय होता.

२०२२ च्या कतार वर्ल्ड कपमधलं अर्धस्वयंचलित यंत्र याच दुखण्यावर आलं. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. आणि चेंडूच्या पोटात बसवलेला संवेदक, जो सेकंदाला ५०० वेळा हालचाल कळवतो. लाथ कधी बसली हे त्यामुळे २ मिलिसेकंदांपर्यंत कळतं. वरच्याच हिशोबाने २६ सेंटिमीटरचा खड्डा अडीच-तीन सेंटिमीटरवर येतो. उद्घाटनाच्या कतार-इक्वेडोर सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला एन्नेर व्हॅलेन्सियाचा गोल रद्द झाला तो यावरच. मैदानात बसलेल्या जवळजवळ कोणालाच ऑफसाइड दिसला नव्हता, पण होता. प्रीमियर लीगमध्ये अशी यंत्रणा १२ एप्रिल २०२५ पासून आली.

तरी उरलेली अनिश्चितता विसरू नका. कतारच्या यंत्रात शरीराचे बिंदू सेकंदाला पन्नासच वेळा घेतले जात होते, मधल्या जागा हिशोबाने भरल्या जात होत्या. हात ऑफसाइडला धरत नाहीत आणि हात कुठे सुरू होतो तर काखेच्या तळाच्या पातळीवर. सैल जर्सीखाली ती जागा यंत्र अंदाजाने ठरवतं. म्हणून माझा आग्रह असा: प्रत्येक स्पर्धेने आपल्या यंत्राची चुकीची मर्यादा सेंटिमीटरमध्ये आधी जाहीर करावी, आणि फरक त्या मर्यादेच्या आत असेल तर मैदानावरचा निर्णय कायम ठेवावा. क्रिकेट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पायचीतच्या रिव्ह्यूत 'अंपायर्स कॉल' असतो तो हाच विचार.

ऑफसाइडच्या यंत्राने एक नवा धोकाही आणला. पुढे तपासता येणार आहे, म्हणून लाइन्समनला झेंडा रोखून धरायला सांगितलं जातं, कारण चुकून वर केलेला झेंडा होऊ शकणारा गोल मारतो. पण तो सहा-आठ सेकंदांचा खेळ खराच असतो, धडका खऱ्या असतात. ११ मे २०२५ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तायवो अवोनियी अशाच न थांबवलेल्या चढाईत पोस्टवर आदळला आणि त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. झेंडा फक्त बारीक फरकासाठी रोखायचा, दोन-तीन मीटर उघड ऑफसाइड असेल तर ताबडतोब वर. प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा घोटून घ्यायला हवं. यंत्र आहे म्हणून झेंडा सुस्त होता कामा नये.

आता व्हीएआर. मार्च २०१८ मध्ये ते नियमांत आलं तेव्हा त्याला चारच गोष्टी बघायची परवानगी होती: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड. तिथेही 'निर्णय बरोबर होता का' हा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे, 'निर्णय उघडउघड चुकला का, की काही गंभीर रेफ्रीच्या नजरेतूनच सुटलं?' हा उंबरठा विसरला की व्हीएआर दर मिनिटाला नाक खुपसतं.

खोलीत काम कसं चालतं ते सांगतो. मुख्य व्हीएआर, त्याचा सहायक आणि कोन शोधून देणारा रिप्ले ऑपरेटर. मैदानावरच्या रेफ्रींचं बोलणं खोलीत सतत ऐकू येतं, पण खोलीतलं बोलणं रेफ्रीला तेव्हाच ऐकू जातं जेव्हा व्हीएआर बटण दाबतो. मुख्य व्हीएआर घटना तपासत असताना सहायकाने चालू खेळावर डोळा ठेवायचा. तपासणी तर प्रत्येक गोलची, प्रत्येक पेनल्टीची आपोआप होते, बहुतेक वेळा प्रेक्षकाला कळतही नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपच्या गटसाखळीत ४८ सामन्यांत ३३५ घटना तपासल्या गेल्या आणि प्रत्यक्ष पुनरावलोकन झालं फक्त १७ वेळा. गोल तपासताना त्याच चढाईत चेंडू ताब्यात कसा आला तिथपर्यंत मागे जायचं, त्याच्या मागे नाही. ऑफसाइड किंवा चेंडू बाहेर जाणं यासारखी वस्तुस्थिती असेल तर व्हीएआरच्या सांगण्यावरून निर्णय होतो. फाउल किती जोराचा, हात नैसर्गिक जागी होता का, असं असेल तर रेफ्री हवेत चौकोन काढून कडेच्या पडद्याकडे जातो. शेवटचा शब्द त्याचाच.

हे सगळं कागदावर सुंदर आहे. फसतं ते बोलण्यात. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात लुईस डियाझच्या गोलवर लाइन्समनने झेंडा वर केला. खोलीत रेषा नीट आखल्या गेल्या, डियाझ स्पष्ट ऑनसाइड होता. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे असा व्हीएआरचा समज झाला होता. त्याने 'तपासणी पूर्ण' एवढंच कळवलं. रेफ्रीने त्याचा अर्थ आपला निर्णय बरोबर असा घेतला आणि फ्री किकने खेळ सुरू केला. काही सेकंदांत खोलीत चूक उमगली, रिप्ले ऑपरेटरने थांबवायला सुचवलंही, पण खेळ सुरू झाल्यावर मागे जायला नियम वाट देत नाही. यंत्र पूर्ण बरोबर, चित्र पूर्ण बरोबर, निकाल पूर्ण चूक. यावरचा उपाय अगदी साधा आहे, विमानचालक आणि नियंत्रण कक्ष तो रोज वापरतात: तपासणी सुरू करताना मैदानावरचा निर्णय मोठ्याने म्हणायचा, 'निर्णय ऑफसाइड', आणि संपवताना पूर्ण वाक्य म्हणायचं, 'ऑफसाइड नाही, गोल द्या', आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं. 'ओके', 'पूर्ण', 'परफेक्ट' असे शब्द हेडसेटवर बंद. दोन सेकंद जास्त जातात, जाऊ द्यावेत.

दुसरी नेहमीची चूक संथ चित्राची. चेंडू हाताला लागला का, स्पर्श बुटाच्या कुठल्या भागाने झाला, घटना पेनल्टी बॉक्सच्या आत की बाहेर, हे संथ गतीत बघायचं. पण धक्का किती जोराचा होता, हात मुद्दाम गेला का, हे साध्या वेगातच बघायचं. कारण संथ चित्रात प्रत्येक गोष्ट जाणूनबुजून केल्यासारखी दिसते. पाव सेकंदात चेंडू येऊन हाताला लागला असेल आणि चित्र आठपट संथ असेल, तर खेळाडूला हात मागे घ्यायला दोन सेकंद होते असं बघणाऱ्याला वाटतं. पडद्यापाशी गेलेल्या रेफ्रीला खोलीने सर्वांत आधी थांबवलेलं चित्र दाखवलं, म्हणजे बूट नडगीवर टेकलेला तो एक क्षण, तर तिथेच लाल कार्ड निम्मं लिहिलं जातं. क्रम असा हवा: साधा वेग, मग स्पर्शाची जागा संथ, मग पुन्हा साधा वेग. दोनपेक्षा जास्त कोन लागत असतील तर चूक 'उघड' नव्हती, मैदानावरचा निर्णय ठेवा आणि पुढे चला.

चेंडूतल्या संवेदकाचा मोहही असाच आहे. युरो २०२४ मध्ये बेल्जियम-स्लोव्हाकिया सामन्यात लोइस ओपेंडाच्या हाताला चेंडूचा निसटता स्पर्श झाल्याचं आलेखात दिसलं आणि रोमेलू लुकाकूचा गोल गेला. जर्मनी-डेन्मार्क सामन्यात डेन्मार्कचा गोल पायाच्या बोटाएवढ्या ऑफसाइडने रद्द झाला आणि पुढच्या काही मिनिटांत तशाच आलेखावरून त्यांच्याविरुद्ध हँडबॉलची पेनल्टी गेली. आलेख स्पर्श झाला एवढंच सांगतो. हात तिथे का होता, खेळाडू वळताना तोल सावरत होता की आडवा हात टाकत होता, हे नियम माणसाला विचारतो. स्पर्शाचा पुरावा म्हणजेच गुन्ह्याचा पुरावा, असं होऊ लागलं की हँडबॉलचा नियम यंत्राला सोयीचा होईल इतका वाकवला जातो, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त भीती याची वाटते.

तारा आणि वीज यांचंही थोडक्यात. ५ मे २०१८ ला ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या अंतिम सामन्यात ऐन क्षणी व्हीएआरकडे येणारी काही चित्रं बंद पडली. मेलबर्न व्हिक्टरीचा गोल ऑफसाइड होता, तो राहिला आणि सामना १-० ने संपला. २०२३ मध्ये पोर्तोच्या मैदानावर कडेच्या पडद्याची वीज गेली, रेफ्रीला व्हीएआरशी मोबाइलवर बोलावं लागलं. यंत्र बिघडलं म्हणून सामना बाद होत नाही, हे नियमावलीत लिहिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. मात्र बिघाड झाल्याक्षणी दोन्ही कर्णधारांना तसं सांगायला हवं. आपल्यापाशी जाळं आहे असं समजून खेळणं आणि ते नाही हे माहीत असून खेळणं, यात फरक पडतो.

प्रेक्षकांचा राग मला पटतो. गोल झाल्यावर उडी मारायची की थांबायचं, हे न कळणं हे खरं नुकसान आहे, आणि मैदानात पैसे देऊन बसलेल्याला घरच्या प्रेक्षकापेक्षा कमी माहिती असणं हा अन्याय आहे. २०२३ मध्ये फिफाच्या स्पर्धांत रेफ्री माइकवर निर्णय जाहीर करू लागले, ते सगळीकडे व्हावं. स्वीडनच्या क्लबांनी, जिथे मालकी बहुतांशी सभासदांची आहे, व्हीएआर नाकारलं. नॉर्वेत प्रेक्षकांनी मैदानावर माशाचे वडे फेकून सामना बंद पाडला, तरी मार्च २०२५ मध्ये महासंघाच्या सभेने ते ठेवायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये २०२४ ला वुल्व्हजने ते काढायचा ठराव आणला, १९ विरुद्ध १ असा पडला. लोक विटले आहेत, पण दोहासारखी रात्र परत नको हेही त्यांना कळतं.

मग आपल्याकडे काय करावं? आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) व्हीएआर हवं ही मागणी प्रत्येक मोठ्या चुकीनंतर उठते. ३ मार्च २०२३ ची बंगळुरूची रात्र आठवा: जादा वेळेत सुनील छेत्रीने झटपट फ्री किकवर गोल केला, केरळा ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, त्यांना ४ कोटींचा दंड झाला. तेव्हाही व्हीएआरची मागणी झाली. पण तो वाद कॅमेऱ्याने मिटणारा नव्हता. फ्री किक झटपट घ्यायला नियमाची मुभा आहे, पण रेफ्रीने बचावपटूंची भिंत मागे सरकवायला हात घातला की शिट्टीपर्यंत थांबावं लागतं. रेफ्रीने तिथे काय सांगितलं आणि कोणी काय ऐकलं, यावर सगळं अवलंबून होतं. त्याला औषध एकच, रेफ्रीने शिट्टीकडे बोट दाखवून ठळक खूण करणं. हे प्रशिक्षणाचं काम आहे.

पूर्ण व्हीएआरला प्रत्येक मैदानावर पुरेसे कॅमेरे, खोली, भरवशाची जोडणी आणि प्रत्येक सामन्याला किमान दोन जादा प्रशिक्षित रेफ्री लागतात. यातली शेवटची गोष्ट पैशाने लगेच विकत मिळत नाही. म्हणून आपल्यासारख्यांसाठी फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला वर्ल्ड कपमध्ये वापरलेली 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' पद्धत मला जास्त योग्य वाटते. त्यात खोलीतला व्हीएआर नाहीच. प्रत्येक प्रशिक्षकाला दोन विनंत्या. त्याने बोट हवेत गोल फिरवून चौथ्या रेफ्रीकडे कार्ड द्यायचं. रेफ्री स्वतः कडेला जाऊन चार-पाच कॅमेऱ्यांची चित्रं बघतो. निर्णय बदलला तर विनंती शाबूत, नाहीतर गेली. क्रिकेटच्या डीआरएसचंच हे भावंड. प्रत्येक चूक यात पकडली जाणार नाही, पण दोहाची पकडली गेली असती.

आणि गल्ली ते जिल्हा पातळी, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या संघांचे भरगच्च गर्दीचे सामने, मुंबईची कूपरेज, गोव्याची मैदानं? तिथे आयोजकांना कळकळीने सांगतो: मोबाइलवर चित्र बघून सामन्यात निर्णय फिरवू नका. मान्यता नसलेलं व्हिडिओ पुनरावलोकन नियमबाह्य आहे आणि एकदा फिरवलं की प्रत्येक सामन्यात प्रेक्षक मोबाइल पुढे करतील. पहिला खर्च रेफ्री त्रिकुटाच्या हेडसेटवर किंवा बटण दाबताच रेफ्रीच्या दंडावर कंप देणाऱ्या झेंड्यांवर करा. दोन्हींना नियमाची परवानगी आहे, आणि पेनल्टी बॉक्समधल्या निम्म्या गोंधळाला रेफ्री आणि लाइन्समन यांच्यातली न झालेली बोलणी कारण असतात.

दुसरं, दोन कॅमेरे किंवा चांगले मोबाइल स्टँडवर, दर गोलरेषेला एक, पण शिकण्यासाठी. मैदानाच्या बाहेर, गोलरेषेच्या बरोबर रेषेत उभे करा आणि दोन्ही पोस्टच्या जाळीकडच्या कडा चित्रात एकावर एक येईपर्यंत बाजूला सरकवा. त्या जुळल्या की रेषेची मागची कड म्हणजे चित्रातली एक उभी रेघ. चेंडू संपूर्ण तिच्या पलीकडे दिसला तरच गोल. सेकंदाला किमान ६० चित्रं, शटर हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, नाहीतर चेंडूची नुसती पांढरी रेघ येते. झूम एवढा की गोलची चौकट निम्मं चित्र व्यापेल. स्टँडला वाळूची पिशवी बांधा, कारण गर्दीत कोणीतरी धक्का देतो आणि दोन बोटं सरकलेला कॅमेरा खोटं सांगू लागतो. मध्यंतरात कडा पुन्हा जुळवा.

ऑफसाइडचा सराव त्याच सामानात होतो. बचावरेषेवर शंकू मांडा, कॅमेरा त्या रेषेत, लाइन्समन त्याच्या जागी. एकाने पास द्यायचा, आक्रमक आणि बचावपटूने एकमेकांना ओलांडून पळायचं. लाइन्समनने दर वेळी मोठ्याने निर्णय सांगायचा, दुसऱ्याने कागदावर लिहायचा. वीस वेळा झाल्यावरच चित्र उघडायचं, मधे नाही. चुका एकाच बाजूच्या येत असतील, म्हणजे सारखा फुकटचा झेंडा, तर त्याची उभं राहायची जागा तपासा, तो रेषेच्या पुढे गेलेला सापडेल. आणि सामन्यातली वादाची क्लिप रेफ्रींच्या बैठकीत लावाल तेव्हा पहिल्यांदा आवाज बंद करून, साध्या वेगात, एकदाच दाखवा आणि सगळ्यांचे निर्णय कागदावर घ्या. मैदानावरच्या माणसाने तेवढ्यावरच निर्णय दिलेला असतो. संथ गती त्यानंतर.